घरचे विज्ञान : बाटलीवरचा टक्का आणि बादलीतले पाणी

फरशी पुसायची बादली असो, इस्पितळातील वॉर्ड धुण्याचे टिपाड असो, गावच्या टाकीत सोडायची टीसीएल पावडर असो, नाहीतर जुलाब लागलेल्या लेकराला पाजायचे मीठ-साखरेचे पाणी असो, प्रश्न सगळीकडे एकच असतो : "किती टाकायचे?" आणि उत्तरही सगळीकडे एकच मिळते : "टाका अंदाजाने!"

भाजीत मीठ अंदाजाने पडले तर फार तर एक जेवण बिघडते. रसायनाचे तसे नाही. कमी पडले तर जंतू मरत नाहीत, पण आपल्याला वाटते की मेले. जास्त पडले तर टाकणाऱ्याचे हात सोलतात, डोळे चुरचुरतात, छाती भरते. दोन्हीकडून नुकसान आपलेच.

आपल्या समाजातील कितीतरी भाऊ-बहिणी नगरपालिकेच्या सफाई खात्यात, इस्पितळात मामा-मावशी म्हणून, कारखान्यात, सोसायट्यांच्या जिन्यांवर आणि लोकांच्या घरी धुण्या-पुसण्याच्या कामावर आहेत. रसायनाचा कॅन उचलतात ते त्यांचे हात. पण त्या कॅनवर छापलेल्या टक्क्याचा अर्थ त्यांना सहसा कोणी सांगत नाही. मुकादम सांगेल तेवढे ओतायचे, एवढेच त्यांच्या वाट्याला येते. म्हणून या वेळी आपण तो टक्का समजून घेऊ. हे गणित शाळेतल्या त्रैराशिकापेक्षा अवघड नाही. पेन्सिल आणि कागद घेऊन बसा. घरात सातवी-आठवीतले मूल असेल तर त्यालाही शेजारी बसवा.

टक्का म्हणजे काय?

साखर पाण्यात विरघळवली की सरबत होते. यात साखर हे द्राव्य, पाणी हा द्रावक आणि दोन्ही मिळून होते ते द्रावण. ठरावीक द्रावणात द्राव्य किती आहे, याला शाळेच्या पुस्तकात 'संहती' म्हणतात. आपण साध्या भाषेत 'कडकपणा' म्हणू.

कडकपणा सांगण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे टक्का. १०० मिलिलिटर द्रावणात १ ग्रॅम द्राव्य असेल तर ते १ टक्का. इस्पितळात खाटेशेजारी टांगलेली सलाईनची बाटली सर्वांनी पाहिली आहे. साध्या सलाईनवर ०.९ टक्के असे लिहिलेले असते. म्हणजे १०० मिलीमध्ये ०.९ ग्रॅम मीठ, आणि ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. बाटली बरीच मोठी, पण त्यात मीठ एक चहाचा चमचाभरसुद्धा नाही. तरी तेवढेच अचूक लागते, कारण ते थेट रक्तात जाते.

येथे एक बारीक गोष्ट आहे. १ टक्क्याचे १०० मिली द्रावण करायचे म्हणजे १ ग्रॅम पदार्थावर पुन्हा १०० मिली पाणी ओतायचे असे नाही. पदार्थ आणि पाणी मिळून एकूण १०० मिली भरले पाहिजे. हा 'एकूण' शब्द मनात पक्का करा. बहुतेक चुका हा शब्द विसरल्यामुळेच होतात.

पातळ करण्याचा नियम

आता जंतुनाशकाच्या बाटलीकडे वळू. कपडे पांढरे करायचे आणि फरशी निर्जंतुक करायचे जे पाण्यासारखे द्रव मिळते, त्यात सोडियम हायपोक्लोराइट असते. घरगुती बाटलीत ते साधारण ४ ते ६ टक्के असते. इस्पितळांना आणि नगरपालिकांना येणारे मोठे कॅन बहुधा त्याहून कडक असतात. १० टक्के किंवा त्याहीपेक्षा जास्त.

समजा बाटली ५ टक्क्यांची आहे आणि आपल्याला १ टक्क्याचे द्रावण हवे. पाणी घातल्याने द्रावण वाढते, पण त्यातले औषध वाढत नाही आणि कमीही होत नाही. तेवढेच औषध जास्त जागेत पसरते. सगळा नियम एवढाच :

मूळ टक्का × मूळ द्रव = नवा टक्का × एकूण नवे द्रावण

१० लिटरची बादली १ टक्क्याची करायची असेल तर १ गुणिले १० म्हणजे १०. त्याला बाटलीच्या ५ टक्क्यांनी भागले की २ आले. म्हणजे २ लिटर औषध आणि ८ लिटर पाणी. दोन्ही मिळून १० लिटर.

तोंडी हिशेब हवा असेल तर आणखी सोपा आहे. बाटलीच्या टक्क्याला हव्या असलेल्या टक्क्याने भागा आणि उत्तरातून १ वजा करा. एक माप औषधाला तितकी मापे पाणी लागते. पाच भागिले एक म्हणजे पाच, वजा एक म्हणजे चार. एक तांब्या औषध, चार तांबे पाणी. माप तांब्याचे असो की मगाचे, दोन्हीला एकच वापरले म्हणजे झाले.

इथेच पुष्कळांची गल्लत होते. "पाच पट पातळ करा" असे ऐकले की एक तांब्या औषधात पाच तांबे पाणी घातले जाते. आता एकूण सहा तांबे झाले. पाच भागिले सहा म्हणजे ०.८३ टक्के. १ टक्का झालाच नाही.

याहून मोठी चूक लेबल न वाचण्याची. मागच्या महिन्यात ५ टक्क्यांचा कॅन होता, या महिन्यात १० टक्क्यांचा आला. कॅनचा रंग तोच, आकार तोच. सवयीने त्याच बादलीत तेच २ लिटर ओतले, तर द्रावण १ नव्हे, २ टक्क्यांचे झाले. काम करणाऱ्या बहिणीच्या हाताला आणि श्वासाला दुप्पट मारा. तिची काही चूक नाही. कॅन बदलला हे तिला कोणी सांगितले नाही, आणि टक्का कुठे पाहायचा हेही नाही.

कडक म्हणजे चांगले नव्हे

"जरा जास्तच टाका, म्हणजे चांगले साफ होईल," हा समज खोल रुजलेला आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने बाळंतिणींना तपासण्यापूर्वी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि तापाने होणारे बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. क्लोरीनची ताकद त्यातून दिसली. पण ही ताकद उघड्या जखमेवर कशी वापरायची? पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमारास, हेन्री डेकिन हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ आणि अलेक्सी कॅरेल हा फ्रेंच शल्यविशारद यांनी जखमी सैनिकांवर हाच प्रश्न सोडवला. जास्त कडक द्रावण चांगले मांसही जाळते आणि फार पातळ केले तर जंतू मरत नाहीत, असे त्यांना आढळले. सुमारे अर्ध्या टक्क्याचे द्रावण त्यांनी ठरवले. पदार्थ तोच. तो औषध ठरला की जाळणारे रसायन, ते टक्क्याने ठरवले.

अलीकडचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. २०२० साली कोरोनाच्या काळात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सार्वजनिक जागांच्या पृष्ठभागांसाठी १ टक्का हायपोक्लोराइट सांगितले होते. जागतिक आरोग्य संघटनेने साध्या पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का आणि रक्त वगैरे जास्त सांडले असेल तर ०.५ टक्का सांगितले. हे सारे फरशी, दाराच्या कड्या, टेबले यांच्यासाठी होते. माणसाच्या अंगासाठी नव्हे. तरीही मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून, बायकामुलांसकट, त्यांच्या अंगावर हायपोक्लोराइटचे पाणी फवारले गेले. डोळे चुरचुरल्याच्या तक्रारी झाल्या. पुढे एप्रिलमध्ये आरोग्य मंत्रालयाला स्पष्ट सूचना काढावी लागली की माणसांवर असे जंतुनाशक फवारू नये. बाटलीवरचा टक्का आणि तो कशासाठी आहे, या दोन गोष्टी फवारणाऱ्यालाही माहीत हव्यात आणि ज्याच्या अंगावर फवारा येतो त्यालाही. म्हणजे तो "थांबा" म्हणू शकेल.

घरासाठी ०.१ टक्का पुरतो. ५ टक्क्यांच्या बाटलीतले २० मिली, म्हणजे चहाचे चार चमचे, आणि पाणी मिळून एकूण १ लिटर. दहा लिटरच्या बादलीला २०० मिली. आधी फरशीवरचा मळ साबणाच्या पाण्याने काढा, साबण धुऊन टाका, मग हे पाणी फिरवा. मळ तसाच असेल तर क्लोरीन मळावरच खर्च होतो आणि जंतू शिल्लक राहतात.

पावडरचे गणित

गावी ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात, ती ब्लीचिंग पावडर. ताज्या, चांगल्या पावडरीत 'उपलब्ध क्लोरीन' साधारण ३० ते ३३ टक्के असतो. बाकीचा भाग चुना वगैरे. म्हणून येथे आधी पावडरीचा टक्का धरावा लागतो.

१ टक्क्याचे १ लिटर द्रावण म्हणजे १० ग्रॅम क्लोरीन. पावडर ३० टक्क्यांची असेल तर १० भागिले ०.३०, म्हणजे ३३ ग्रॅम पावडर लागेल. १० ग्रॅम पावडर टाकून १ टक्का झाला असे समजणारा माणूस प्रत्यक्षात ०.३ टक्क्याचे पाणी वापरत असतो.

पावडर हवा, ओल आणि ऊन यांनी मरते. तोंड उघडे राहिलेल्या गोणीतला क्लोरीन उडून जातो आणि चुना तेवढा उरतो. दिसायला पावडर पांढरीच दिसते. ती १५ टक्क्यांवर आली असेल तर त्याच १ लिटरला ६७ ग्रॅम लागेल. म्हणून गोणीवरची तारीख पाहावी, पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावी आणि ग्रामपंचायतीने तिचा नमुना तपासून घ्यावा. हायपोक्लोराइटचा कॅनही उन्हात ठेवला की असाच मरतो.

द्रावण करताना पावडरीत थोडे पाणी घालून आधी लगदा करावा, मग उरलेले पाणी घालून ढवळावे. दहा-पंधरा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरची निवळी तेवढी वापरावी.

टाकी, विहीर आणि कळशी

पिण्याच्या पाण्यात क्लोरीन अगदी थोडा लागतो. इतका थोडा की टक्क्यात सांगणे अडचणीचे होते. म्हणून तेथे एक लिटरमध्ये किती मिलिग्रॅम, असे सांगतात. हा आकडा पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, असाही बोलला जातो. १ टक्का म्हणजे लिटरला १०,००० मिलिग्रॅम.

साधारण स्वच्छ पाण्याला दर १,००० लिटरमागे २.५ ग्रॅम चांगली पावडर हे पुस्तकी प्रमाण आहे. पडताळून पाहू. पावडर ३३ टक्के धरली तर २.५ ग्रॅममध्ये क्लोरीन ०.८२५ ग्रॅम, म्हणजे ८२५ मिलिग्रॅम. तो १,००० लिटरमध्ये पसरला की लिटरला सुमारे ०.८ मिलिग्रॅम. ५०,००० लिटरच्या टाकीला १२५ ग्रॅम. पण पावडर अर्धी मेलेली असेल तर २५० ग्रॅम हवी.

विहिरीचे पाणी मोजायला व्यासाचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणा, ४ ने भागा. सगळी मापे मीटरमध्ये घ्या. आलेल्या घनमीटरला १,००० ने गुणले की लिटर. ३ मीटर व्यासाची विहीर, ४ मीटर पाणी : ९ × ४ × ३.१४ ÷ ४ = २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर. त्याला पावडर सुमारे ७१ ग्रॅम.

पण खरा निकाल हिशेबाने लागत नाही, चाचणीने लागतो. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकते. म्हणून पावडर टाकल्यावर अर्धा ते एक तास थांबून पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही ते पाहतात. गावोगावी जिला ओटी टेस्ट म्हणतात, तिच्यात पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे. नळाच्या शेवटच्या टोकाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे. आपली वस्ती पुष्कळदा त्या शेवटच्या टोकालाच असते. तेव्हा "आमच्या नळाची ओटी घेतली का?" हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

घरातल्या २० लिटर स्वच्छ पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम धरले तर ४० मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. १ टक्क्याच्या निवळीच्या एका मिलीत १० मिलिग्रॅम असतो, म्हणून ४ मिली पुरे. चहाचा चमचा ५ मिलीचा, म्हणजे चमचा भरायलाही नको. टाकून अर्धा तास झाकून ठेवा. मात्र यासाठी आरोग्य केंद्राने पाण्यासाठी दिलेली पावडरच घ्या. सुवासिक किंवा साबण मिसळलेले द्रव पिण्याच्या पाण्यात कधीही टाकू नये. आरोग्यसेविकेने क्लोरीनची बाटली दिली असेल तर तिच्यावर लिहिलेलेच प्रमाण पाळा, कारण तिचा टक्का वेगळा असू शकतो.

लेकराच्या पेल्यातले प्रमाण

हेच गणित जलसंजीवनीला लागू आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसे पटापट मरत होती आणि सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात द्रावण करून ते रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजले. मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. पुढे २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने द्रावण आणखी पातळ केले. ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम, शिवाय इतर दोन क्षार, मिळून लिटरला २०.५ ग्रॅम. पातळ केल्याने गुण कमी न होता वाढला. जुलाब व उलट्या कमी झाल्या.

आता लिटरचे पाकीट एका पेल्यात, म्हणजे २०० मिलीत, कालवले तर काय होईल? पाचपट कडक द्रावण. असे पाणी आतड्यातून अंगात जाण्याऐवजी अंगातलेच पाणी आतड्यात ओढते आणि लेकरू आणखी सुकते. २०० मिलीची लहान पाकिटेही मिळतात. म्हणून पाकिटावर पाणी किती लिहिले आहे ते प्रत्येक वेळी वाचा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे शीग न लावता, सुरीच्या पात्याने चमचा पुसून.

हे विसरू नका

हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचे ॲसिड एकत्र करू नका, एकापाठोपाठही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि कोंदट मोरीत तो जीव घेऊ शकतो. अमोनिया असलेल्या द्रवातही ते मिसळू नये. ॲसिड पातळ करायचे तर आधी पाणी, मग त्यात हळूहळू ॲसिड. ॲसिडवर पाणी कधीच ओतू नये, ते अंगावर उसळते. हायपोक्लोराइटला गरम पाणी वापरू नये. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, खिडकी-दार उघडे. पातळ केलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे. थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये, मुले पाणी समजून पितात. अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जावे.

मुलांसाठी गणिते

१. कॅन १० टक्क्यांचा आहे. २० लिटर द्रावण ०.५ टक्क्याचे हवे. औषध किती, पाणी किती?

२. पावडर २५ टक्क्यांची आहे. १ टक्क्याचे ५ लिटर द्रावण करायला किती ग्रॅम लागेल?

३. अकरावीच्या मुलांसाठी : लिटरमध्ये ५८.५ ग्रॅम मीठ म्हणजे १ मोलर द्रावण. तर ०.९ टक्क्याचे सलाईन किती मोलर?

उत्तरे : १) औषध १ लिटर, पाणी १९ लिटर. २) २०० ग्रॅम. ३) ९ भागिले ५८.५, म्हणजे सुमारे ०.१५४ मोलर.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोलरचे जे सूत्र पाठ करावे लागते, ते आणि आईच्या बादलीचे सूत्र एकच आहे. तेव्हा मुलांनो, आज एक काम करा. आई-वडील ज्या कॅनमधले रसायन वापरतात त्याचा टक्का त्यांना विचारून घ्या. एक माप औषधाला किती मापे पाणी, हे मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक भरलेला तांब्या औषधाचा आणि पुढे पाण्याचे तांबे, असे चित्र काढा. विहारातील अभ्यासिकेच्या भिंतीवरही एक लावा. उद्या मुकादम म्हणाला, "टाका अंदाजाने," तर आपली मावशी पुठ्ठा दाखवून विचारील, "साहेब, हा कॅन किती टक्क्यांचा?"